मोहरीची शेंग : एका शास्त्रीय नांवाचा इतिहास

महाराष्ट्रीय घरांतल्या मिसळणाच्या डब्यांत मोहरीला जो मान आहे तो दुसऱ्या कोणत्याही बीजाला नाहीं. तेल तापलें, मोहरी पडली आणि तडतडली, म्हणजे स्वयंपाकास आरंभ झाला असें समजावें. परंतु हा बारीक काळा दाणा ज्या शेंगेंत वाढतो, ती शेंग शहरांतल्या फारच थोड्या मंडळींनीं पाहिलेली असते. दाणा घरीं येतो. शेंग शेतांतच भूस होऊन जाते. वनस्पतिशास्त्रांत मात्र या टाकाऊ शेंगेला एक स्वतंत्र नांव आहे. लॅटिन भाषेंत तिला 'सिलिक्वा' म्हणतात, आणि संस्कृत 'सर्षप' शब्दावरून मराठी शास्त्रीय लेखनांत तिच्यासाठीं 'सार्षप' ही संज्ञा योजिलेली आढळते.

सिलिक्वा हा शब्द दोन हजार वर्षांहून जुना आहे, आणि मुळांत त्याचा मोहरीशीं कांहींएक संबंध नव्हता. सोनाराच्या तागडींतून, सम्राटांच्या टांकसाळींतून, वैद्यांच्या वनस्पतिग्रंथांतून तो शास्त्रज्ञांच्या हातीं आला. शब्द तोच राहिला. परंतु त्या शब्दानें दर्शविलेल्या वस्तूंत पाहणारानें काय पाहावें, हें मात्र वेळोवेळीं बदलत गेलें. कोणी तींत वजन पाहिलें, कोणी आकार पाहिला, आणि अगदीं अलीकडच्या काळांत शास्त्रज्ञांचें लक्ष तिच्या शिवणीकडे लागलें. शेतकऱ्याच्या हिताचा प्रश्न या शेवटच्या पाहण्यांत गुंतलेला असल्यामुळें हा इतिहास केवळ शब्दांचा खेळ नव्हे.

प्रथम ही शेंग इतर शेंगांहून वेगळी कशी, तें पाहिलें पाहिजे. मराठींत 'शेंग' हा शब्द फार उदार आहे. वाटाण्याची शेंग, तुरीची शेंग, शेवग्याची शेंग, इतकेंच नव्हे तर जमिनीखालीं वाढणारी भुईमुगाचीही शेंगच. बोलण्याचालण्यांत यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु वाटाण्याची हिरवी शेंग सोलून पाहावी. तिच्या एकाच कांठाला सर्व दाणे ओळीनें चिकटलेले दिसतील. दुसरा कांठ रिकामा असतो. शेंगेच्या आंत आडपडदा मुळींच नसतो. उलट, मोहरीची पिकलेली शेंग हलक्या हातानें उघडावी. तिच्या दोन बाजूंच्या दोन झडपा सुटून पडतात, आणि मध्यें देठावर एक अरुंद चौकट उभी राहते. त्या चौकटीवर पातळ कागदासारखा एक पांढुरका पडदा ताणलेला असून, दाणे त्याच्या दोन्ही कांठांना लागलेले असतात. म्हणजे वाटाण्याची शेंग ही एका दालनाची खोली, तर मोहरीची शेंग ही मध्यें भिंत घातलेली दोन दालनांची खोली होय. ही मधली भिंत व दोन्ही कांठांवरील बीजें हें सार्षपाचें मुख्य लक्षण आहे.

या कुळांतील फळांचे तीन नमुने महाराष्ट्रांतल्या स्वयंपाकघराला परिचित आहेत. मोहरीची शेंग लांब व बारीक, आणि पिकली कीं आपोआप उघडणारी. बाळंतिणीला ज्याचे लाडू देतात त्या हळिवाचें फळ अगदीं लहान, चपटें व वाटोळें. त्याच्या दोन दालनांत एकेकच बीं असतें. तिसरा नमुना मुळ्याचा. मुळ्याच्या कोंवळ्या शेंगांची, म्हणजे डिंगऱ्यांची, भाजी पुष्कळ घरीं होते. डिंगरी फुगीर व टोंकदार असते, आणि पिकून वाळली तरी ती मोहरीसारखी दोन झडपांनीं उघडत नाहीं. एकाच कुळांत तीन स्वभावांचीं हीं फळें पाहिलीं म्हणजे त्यांचें वर्गीकरण करूं पाहणाऱ्या शास्त्रज्ञांची कां धांदल उडाली असेल, याची कल्पना येते.

आतां नांवाकडे वळूं. प्राचीन रोमन लोकांच्या भाषेंत सिलिक्वा म्हणजे सामान्यतः कोणतीही शेंग. घेवड्याची असो वा वाटाण्याची, शब्द हाच. परंतु भूमध्यसमुद्राच्या कांठीं कॅरोब नांवाचा एक वृक्ष होतो. त्याच्या लांब, तपकिरी, गोडसर शेंगा जनावरांना घालीत व गरिबीच्या दिवसांत माणसेंही खात. त्या शेंगेलाही सिलिक्वा असेंच म्हणत. बायबलांतील उधळ्या पुत्राची गोष्ट पुष्कळांस ठाऊक असेल. सर्व द्रव्य उडविल्यावर डुकरें राखण्याची पाळी आलेला तो तरुण डुकरांच्या शेंगांवर पोट भरण्याची इच्छा करतो. त्या ठिकाणीं लॅटिन भाषांतरांत हाच शब्द आला आहे, आणि मूळ ग्रीक ग्रंथांत 'केरातिऑन', म्हणजे 'लहानसें शिंग', या शब्दाचें रूप आहे. कॅरोबची वाकडी शेंग शिंगासारखी दिसते, म्हणून ग्रीकांनीं तिला तें नांव दिलें.

या शेंगेंतल्या कठीण, चकचकीत बिया सोनेंनाणें तोलण्यास वापरीत. त्यामुळें सिलिक्वा हें शेंगेचें नांव एका वजनाचें नांव झालें. रोमन रत्तलाचे १,७२८ भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक सिलिक्वा. आजच्या मापानें सुमारें ०.१९ ग्रॅम. सम्राट कॉन्स्टन्टाइन यानें चौथ्या शतकाच्या आरंभीं 'सॉलिडस' नांवाचें सोन्याचें नाणें पाडिलें. एका रत्तलांत तीं ७२ बसत, आणि प्रत्येकाचें वजन २४ सिलिक्वा भरे. चोविसाला बहात्तरांनीं गुणिलें म्हणजे १,७२८ हा आंकडा बरोबर येतो. त्या काळच्या एका पातळशा रुप्याच्या नाण्यासही नाणेशास्त्रज्ञ सिलिक्वा असेंच म्हणतात. इंग्लंडांतील सफोक परगण्यांत हॉक्स्नी येथें १९९२ सालीं एका शेतांत पुरलेलें रोमन धन सांपडलें. त्यांत सुमारें १५,००० नाणीं होतीं, व त्यांपैकीं बहुसंख्य याच जातीचीं होतीं.

ग्रीकांच्या 'केरातिऑन'चा अरबींत 'किरात' झाला, आणि तोच युरोपांत जाऊन 'कॅरट' झाला. शुद्ध सोन्याला २४ कॅरटचें म्हणण्याची चाल सॉलिडस नाण्याच्या चोवीस भागांपासून निघाली असें मानलें जातें. हिरेमाणकांचा कॅरट निरनिराळ्या शहरीं निरनिराळा होता. तो १९०७ सालीं आंतरराष्ट्रीय परिषदेनें २०० मिलिग्रॅम असा कायम केला. कॅरोबच्या बिया एकसारख्या वजनाच्या असतात, म्हणून त्या सराफांनीं निवडल्या, अशी समजूत फार दिवस होती. २००६ सालीं शास्त्रज्ञांनीं त्या बिया प्रत्यक्ष तोलून पाहिल्या, तेव्हां इतर झाडांच्या बियांइतकाच त्यांच्याही वजनांत फरक पडतो असें आढळलें. एकसारखेपणा बियांत नव्हता. जवळजवळ सारख्या बिया निवडून घेणाऱ्या माणसाच्या नजरेंत तो होता.

आपल्याकडेही वजनांचा आरंभ बीजांपासूनच झाला, आणि त्यांत मोहरीला स्थान आहे, हा योग लक्षांत घेण्यासारखा आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सोन्याच्या तोलाचें जें कोष्टक आहे त्यांत तीन लिक्षांचा एक राजसर्षप, तीन राजसर्षपांचा एक गौरसर्षप, सहा गौरसर्षपांचा एक यव व तीन यवांचा एक कृष्णल, म्हणजे गुंज, असा क्रम सांगितला आहे. राजसर्षप ती काळी मोहरी आणि गौरसर्षप ती पांढरी. म्हणजे अठरा पांढऱ्या मोहऱ्यांची एक गुंज झाली. रोमन लोकांनीं सोनें तोलण्यास शेंगेचें नांव घेतलें व भारतीयांनीं मोहरीचें घेतलें. पुढें कित्येक शतकांनीं तेंच रोमन नांव मोहरीच्या शेंगेला मिळालें.

तें मिळालें युरोपांतील वैद्यांमुळें. सोळाव्या शतकांत औषधी वनस्पतींचे मोठमोठे ग्रंथ छापले जाऊं लागले, आणि शेंग धरणाऱ्या झाडाचें वर्णन करतांना सिलिक्वा या शब्दाचा सढळ उपयोग होऊं लागला. जर्मनींतील हार्त्स पर्वतांत योहान्नेस थाल नांवाचा एक वैद्य होता. त्यानें त्या डोंगरांतील वनस्पतींची यादी केली, आणि १५८३ सालीं त्याच्या मृत्यूनंतर ती १५८८ सालीं प्रसिद्ध झाली. तींत खडकांच्या आश्रयानें उगवणाऱ्या एका क्षुद्र रोपट्याची नोंद असून, त्याला त्यानें 'पिलोसेला सिलिक्वोसा', म्हणजे शेंगा धरणारी लवदार वनस्पति, असें म्हटलें आहे. त्या रोपट्याचा औषधाला उपयोग नव्हता, खाण्यालाही नव्हता. परंतु चार शतकांनंतर मोहरीच्या शेंगेचें मर्म शास्त्रज्ञांना याच रोपट्यानें उलगडून दाखविलें. थालच्या स्मरणार्थ लिनियसनें त्याला 'थालियाना' हें नांव जोडलें, आणि आज जगांतल्या प्रयोगशाळांत तें 'अरॅबिडॉप्सिस थालियाना' या नांवानें ओळखलें जातें.

अठराव्या शतकांत स्वीडनच्या लिनियसनें वनस्पतिशास्त्राची सर्व भाषाच नव्यानें बांधली. त्यानें १७३५ सालीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत फुलांतील पुंकेसर मोजून झाडांचे वर्ग पाडिले होते. मोहरीच्या फुलांत चार पाकळ्या क्रूसासारख्या मांडलेल्या असतात, आणि पुंकेसर सहा असून त्यांपैकीं चार उंच व दोन ठेंगणे असतात. या चार उंच केसरांवरून लिनियसनें त्या वर्गाला 'टेट्राडायनामिया', म्हणजे चौघे बलवान, असें नांव दिलें. १७५१ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें शेंगांच्या नांवांचाही निवाडा केला. ज्या शेंगेंत बीजें दोन्ही शिवणींना लागलेलीं असतात ती सिलिक्वा, आणि ज्या शेंगेंत तीं एकाच शिवणीला लागलेलीं असतात ती 'लेग्युमेन'. अशा रीतीनें वाटाणा, तूर, घेवडा हीं सर्व सिलिक्वा या शब्दांतून बाहेर पडलीं, आणि शब्द मोहरीच्या कुळाकडे आला.

यांत एक गंमत झाली. ज्या कॅरोब वृक्षामुळें हा शब्द तराजूवर चढला, त्याचें शास्त्रीय नांव लिनियसनें १७५३ सालीं 'सेराटोनिया सिलिक्वा' असें ठेविलें. परंतु कॅरोब हा वाटाण्याच्या कुळांतला. त्याच्या शेंगेंत बीजें एकाच शिवणीला लागतात. म्हणजे लिनियसच्याच व्याख्येप्रमाणें 'सिलिक्वा' हें नांव मिरविणाऱ्या झाडाला सिलिक्वा येत नाहीं! व्यवहारांतील जुना शब्द शास्त्रांत आणला म्हणजे असे प्रकार घडावयाचेच.

इतर बहुतेक वर्गांचे पोटविभाग पाडण्यास लिनियसनें स्त्रीकेसरांची संख्या घेतली होती. मोहरीच्या वर्गांत ती सर्वत्र एकच. तेव्हां तेथें मोजण्यास कांहीं उरलें नाहीं. म्हणून त्यानें फळाकडे पाहिलें. ज्यांची शेंग लांब ते 'सिलिक्वोसा', आणि ज्यांची आंखूड ते 'सिलिक्युलोसा', असे दोन विभाग त्यानें केले. 'सिलिक्युला' म्हणजे लहानशी सिलिक्वा. मोहरी, कोबी हीं पहिल्या विभागांत पडतात. हळीव दुसऱ्या विभागांत पडतो. पुढील पाठ्यपुस्तकांनीं नियम असा बसविला कीं, लांबी रुंदीच्या तिपटीहून अधिक असली तर सिलिक्वा, कमी असली तर सिलिक्युला. विद्यार्थ्याला पट्टी घेऊन उत्तर काढतां येण्याची सोय झाली.

आंखूड शेंगांचे प्रकारही मनोरंजक आहेत. कांहीं शेंगा मधल्या पडद्याला समांतर अशा चपट्या होतात. त्यांचा पडदा शेंगेइतकाच रुंद असतो. युरोपांतील बागांत लावलें जाणारें 'ल्युनारिया' हें झाड याचें उत्तम उदाहरण होय. त्याच्या झडपा व बिया गळून पडल्या म्हणजे रुपयाएवढा गोल, रुपेरी, चकाकणारा पडदा देठावर राहतो. त्यावरून चंद्रवाचक असें हें नांव पडलें. फ्रेंच लोक त्याला 'पोपचें नाणें' म्हणतात. म्हणजे शेंगेचा आणि नाण्याचा जुना संबंध येथें पुन्हां दिसतो. दुसऱ्या प्रकारांत शेंग पडद्याला आडवी दबलेली असते, आणि पडदा अगदीं अरुंद पट्टीसारखा राहतो. हळीव व 'धनगराची थैली' या अर्थाच्या नांवाचें युरोपीय तण, म्हणजे 'कॅप्सेला', हीं या जातीचीं होत. कॅप्सेलाची शेंग त्रिकोणी बटव्यासारखी दिसते.

शेंगेच्या अवयवांना जीं नांवें मिळालीं तीं घरबांधणींतून आलीं. झडपेला 'व्हॅल्वा' म्हणतात. लॅटिनमध्यें त्याचा अर्थ दुहेरी दाराची एक फळी. मधल्या चौकटीला 'रेप्लम' म्हणतात. तोही दाराच्या बांधणींतला शब्द आहे. या दारचौकटीवरून मोठा वाद माजला. फळ ज्या बीजपर्णांचें बनतें तीं मोहरीच्या शेंगेंत दोन आहेत कीं चार? दोन झडपा हींच दोन पर्णें मानलीं, तर बीजें धरणारी चौकट कोणाची? एडिथ साँडर्स या इंग्रज विदुषीनें १९२० नंतरच्या दशकांत पर्णें दोहोंहून अधिक असल्याचें मत जोरानें मांडिलें, व त्यावर पुष्कळ खंडनमंडन झालें. आज सामान्यतः दोन बीजपर्णांचेंच मत ग्राह्य धरलें जातें.

लिनियसची पट्टी तरी कितपत विश्वसनीय होती? तिच्यावर शंका लवकरच येऊं लागली. 'रोरिपा' या एकाच वंशांत कांहीं जातींच्या शेंगा लांब व कांहींच्या चक्क गोल असतात. लांबीवरून निवाडा करावयाचा तर सख्ख्या भावंडांना दोन घरीं दत्तक द्यावें लागतें. जिनीव्हाच्या द कांदोल या पंडितानें १८२१ सालीं या कुळाचा सूक्ष्म अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानें शेंगेचा आकार दुय्यम ठरवून बीजाच्या आंत दोन दलिका कशा दुमडल्या आहेत हें पाहिलें, आणि त्यावरून पांच मुख्य गट केले. मोहरीच्या दाण्यांत दलिका घडी घातलेल्या असून मूळ त्या घडींत निजलेलें असतें. हें पाहण्यास दाणा भिजवून, सोलून, भिंगाखालीं धरावा लागतो. बाहेरच्या आकाराला पहिला धक्का असा बाहेरून न दिसणाऱ्या गोष्टीनें दिला.

दुसरा धक्का अधिक जोराचा होता. जर्मनींतील लांडाउ येथें १८९७ सालीं हेगर नांवाच्या अभ्यासकाला कॅप्सेलाचीं कांहीं विलक्षण झाडें आढळलीं. पानें, फुलें सर्व नेहमींचीं. परंतु शेंग त्रिकोणी बटव्यासारखी नसून फुगीर व लंबगोल होती. झोल्म्स-लाउबाख या वनस्पतिशास्त्रज्ञानें १९०० सालीं ती नवीन जाति म्हणून वर्णिली. शेंगेच्या आकारावरून जाति व वंश ठरविण्याची ज्यांची रीत, त्यांच्यापुढें हा मोठाच पेंच पडला. हें झाड कोणत्या घरचें म्हणावें?

उत्तर अमेरिकेंतून आलें. संकरित मक्याच्या संशोधनामुळें प्रसिद्ध असलेल्या जॉर्ज शल यानें त्रिकोणी शेंगेच्या व लंबगोल शेंगेच्या झाडांचा संकर केला. पहिल्या पिढींत सर्व शेंगा त्रिकोणी आल्या. दुसऱ्या पिढींत दर सोळा झाडांत सुमारें पंधरा त्रिकोणी शेंगांचीं व एक लंबगोल शेंगांचें, असें प्रमाण पडलें. शलनें १९१४ सालीं त्याचा अर्थ लाविला तो असा : त्रिकोणी आकार उत्पन्न करणारे दोन स्वतंत्र जनुक या झाडांत आहेत, आणि त्यांपैकीं कोणताही एक असला तरी पुरतो. दोन्ही निकामी झाले तरच शेंग लंबगोल होते. एका घराला दोन पहारेकरी असावेत आणि दोघेही झोंपल्याशिवाय चोर आंत येऊं नये, तसा हा प्रकार होय. ज्या आकाराला वंशभेदाचें लक्षण मानलें होतें, तो आकार दोन जनुकांच्या अभावानें एका फटक्यांत बदलूं शकतो, हें यावरून सिद्ध झालें.

पुढें जनुकांच्या रासायनिक रचनेवरूनच वनस्पतींचें नातें जुळवितां येऊं लागलें. २००६ सालीं या कुळाची जी नवी मांडणी प्रसिद्ध झाली, तींत २५ गण पाडले होते. लांब शेंग व आंखूड शेंग हे दोन्ही प्रकार या कुळांत अनेक वेळां, निरनिराळ्या शाखांत स्वतंत्रपणें उत्पन्न झाले आहेत, असें अशा अभ्यासांवरून स्पष्ट झालें. सुमारें ४,००० जातींच्या या कुळाचें लिनियसनें केलेलें द्विभाजन अशा रीतीनें संपलें. सिलिक्वा व सिलिक्युला हे शब्द वर्णनासाठीं शिल्लक राहिले, नात्यागोत्यासाठीं नाहींत.

येथें शब्दाचा इतिहास संपावयास हरकत नव्हती. परंतु शेतकऱ्याला या शेंगेची लांबीरुंदी कधींच महत्त्वाची वाटली नाहीं. त्याला चिंता असते ती शेंग केव्हां उघडेल याची. राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेश व मध्य प्रदेश या प्रांतांत मोहरी हें रब्बीचें मोठें पीक आहे. शेंगा पिवळ्या पडूं लागल्या कीं कापणीची घाई सुरू होते. ती सकाळच्या प्रहरीं, शेंगा दंवानें ओलसर असतांना करावी, असें जाणते सांगतात. ऊन चढलें, शेंग वाळली आणि विळ्याचा धक्का लागला, कीं झडपा तट्कन सुटतात व महिनोगणती राखलेला दाणा मातींत जातो. पीक आधीं कापावें तर दाणा अपुरा भरतो. उशीर करावा तर तो हातचा जातो. युरोप, कॅनडा येथील मोहरीवर्गीय तेलबियांच्या शेतकऱ्यांचीही हीच तक्रार आहे.

येथें निसर्गाचा व माणसाचा हेतु परस्परविरुद्ध आहे. रानांतील झाडाला बीं दूर पाडावयाचें असतें. शेंग न उघडली तर त्याचा वंश खुंटेल. माणसाला बीं शेंगेंतच राहावयास हवें असतें. गहूं, भात या धान्यांच्या बाबतींत आपल्या पूर्वजांनीं हजारों वर्षें न झडणारीं कणसें निवडून हा तंटा बराचसा मिटविला. मोहरीच्या बाबतींत तो पुरता मिटलेला नाहीं.

या ठिकाणीं थालचें क्षुद्र रोपटें उपयोगीं पडलें. फ्रीडरिश लाइबाख या जर्मन शास्त्रज्ञानें १९०७ सालीं त्याच्या गुणसूत्रांच्या पांचच जोड्या असल्याचें दाखविलें, आणि १९४३ सालीं आनुवंशाच्या अभ्यासाला हें झाड योग्य आहे असें सुचविलें. तें सुमारें सहा आठवड्यांत बीजापासून बीजापर्यंत वाढतें, आणि त्याला लहान रोपाच्या मानानें पुष्कळ शेंगा येतात. २००० सालच्या डिसेंबरांत त्याचा संपूर्ण जनुकपट प्रसिद्ध झाला. वनस्पतींत हा मान मिळविणारें तें पहिलेंच झाड होय.

याच झाडावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील प्रयोगशाळेंत मार्टिन यानॉफ्स्की व त्यांचे सहकारी यांनीं शेंगेच्या शिवणीचा शोध घेतला. झडप व चौकट जेथें मिळतात तेथें पेशींच्या दोन अरुंद पट्ट्या असतात. एक पट्टी लिग्निन नांवाच्या काष्ठद्रव्यानें कठीण होते. तिच्या शेजारची पट्टी मऊ राहून पिकतांना तिच्या पेशी एकमेकींपासून सुटतात. शेंग वाळतांना झडपेचा मऊ भाग आंखडतो, कठीण भाग आंखडत नाहीं. त्यामुळें ताण उत्पन्न होतो, आणि जेथें शिवण सैल झालेली असते तेथें झडप निखळते. या शिवणीची आंखणी करणारे दोन जनुक २००० सालीं जाहीर झाले. त्यांना 'शॅटरप्रूफ', म्हणजे 'न फुटणारा', असें नांव आहे. कारण ते दोन्ही निकामी केले तर शेंग उघडतच नाहीं. त्यांपैकीं एकच निकामी केला तर मात्र कांहींच फरक पडत नाहीं. शलला कॅप्सेलांत जे दोन पहारेकरी दिसले होते, तसेच दोन येथेंही निघाले. 'फ्रुटफुल' नांवाचा आणखी एक जनुक या दोघांना शिवणीपुरतेंच मर्यादित ठेवतो आणि झडपेंत पसरूं देत नाहीं. तो नसला तर शेंग वाढतच नाहीं, व आंत बिया कोंबल्यासारख्या दाटतात.

याच्या उलट टोंक 'कार्डामिने हिर्सुटा' या तणांत दिसतें. त्याची शेंग नुसती उघडत नाहीं, तर झडपा झटक्यानें गुंडाळल्या जाऊन बिया सेकंदास दहा मीटरांहून अधिक वेगानें फेंकल्या जातात. जर्मनींत झालेल्या संशोधनानें २०१६ सालीं दाखविलें कीं, हें सामर्थ्य झडपेंतील एका थरावर लिग्निन विशिष्ट आकारानें बसल्यामुळें येतें. द्रव्य तेंच, तें कोठें व कसें बसलें एवढ्यावर शेंग शांतपणें उघडेल कीं बंदुकीसारखी उडेल, हें ठरतें.

हें ज्ञान पिकापर्यंत नेण्याचे प्रयत्न झाले आहेत. २००६ सालीं आपल्याच राई जातीच्या मोहरींत फ्रुटफुल जनुकाचें कार्य वाढवून न फुटणाऱ्या शेंगा मिळविल्याचें प्रसिद्ध झालें. परंतु एवढ्यानें काम भागत नाहीं. शेंग मुळींच उघडेनाशी झाली, तर मळणींत दाणा बाहेर काढणें कठीण होईल. शेतकऱ्याला हवी आहे ती शिवण अशी कीं, वाऱ्यानें व विळ्यानें सुटूं नये, पण मळणीच्या वेळीं मात्र सहज उकलावी. इतक्या नेमक्या मापाची शिवण घालणें हें आकार मोजण्यापेक्षां फार अवघड काम आहे.

एका शेंगेच्या नांवाचा हा प्रवास पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. सराफानें शेंगेंतलें वजन पाहिलें, लिनियसनें तिची लांबी पाहिली, द कांदोलनें बीजाच्या पोटांतली घडी पाहिली, शलनें तिच्यामागील आनुवंश पाहिला, आणि नव्या शास्त्रज्ञांनीं तिची शिवण पाहिली. प्रत्येकाचें पाहणें त्याच्या गरजेपुरतें खरें होतें. परंतु शेतकऱ्याची नजर मूळपासून शिवणीवरच होती. शास्त्र तेथें पोंचावयास दोन हजार वर्षें लागलीं. जें शेतांत भूस म्हणून टाकून दिलें जातें, त्याच्या एका अरुंद रेघेंत पिकाचा नफातोटा सांठविलेला आहे. फोडणींत तडतडणारा प्रत्येक दाणा ती रेघ वेळेआधीं न उकलल्यामुळेंच आपल्या घरीं पोंचलेला असतो.